स्वस्तातली बोल्ट-ॲक्शन रायफल: ग्रुप आवळायचा तर आधी खर्च कशावर?

हिलकंट्रीकर
नमस्कार मंडळी. इथे कॅमेऱ्याच्या लेन्सपासून कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळ्यावर धागे आहेत, रायफलीवर एकही सापडला नाही, म्हणून हा उद्योग.

ऑस्टिनजवळ राहतो. सॅव्हेज कंपनीची ॲक्सिस ही बोल्ट-ॲक्शन (दर गोळीला बोल्ट हातानं मागे-पुढे करायचा) रायफल घेतली आहे, ६.५ क्रीडमूर काडतुसाची, २२ इंची नळी, दुर्बीण दुकानातच बसवून घेतली. शिकार करत नाही, करायचीही नाही. शनिवारी रेंजवर जाऊन कागदाला भोकं पाडणं एवढाच छंद. शंभर यार्डांवर तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांतलं अंतर, कधी सव्वा इंच येतो, कधी तीन इंच. बाकावरून मारतो, पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू), मागे वाळूची पिशवी. काडतुसं त्या आठवड्यात जी स्वस्त असतील ती.

बजेट ५०० डॉलर. डोक्यात असलेली यादी: लॅमिनेट लाकडाचा नवा दस्ता, टिमनी कंपनीचा चाप (ट्रिगर), नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारा ब्रेक. एक मित्र म्हणतो सरळ नळीच बदल. कुठून सुरुवात करू?

निवांत_निळू
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. पाशवी चर्चा होऊ द्या.

जुना_बोरू
मराठी संकेतस्थळावर बंदुकीचे धागे! आता एवढंच बाकी होतं.

पंचगंगेचा_नेम
बोरूकाका, १ ऑगस्ट २०२४ ला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला कांस्य जिंकलं तेव्हा तुम्हीही पेढे खाल्ले असणार. तीपण बोल्ट-ॲक्शन रायफलच होती की. चालू द्या हो.

लोखंडी_चणे
हिलकंट्रीकर, पाकीट खिशात ठेवा आणि आधी स्क्रूड्रायव्हर काढा. तीच रायफल सव्वा इंच देते आणि तीच तीन इंच देते, म्हणजे पहिला संशय एकच: काहीतरी हलतंय. मी ओहायोत टूलरूममध्ये आयुष्य काढलं आहे, रायफलही शेवटी यंत्रच. सैल जोड असलेल्या यंत्रावर नवे भाग चढवून काही मिळत नाही.

दुर्बीण उतरवा. खाली रिसीव्हरवर (नळी ज्यात बसते त्या मुख्य सांगाड्यावर) दुर्बिणीच्या रिंगा धरणारे बेस असतात, ते बारीक स्क्रूंनी धरलेले असतात. हे स्क्रू सैल असणं ही या दुनियेतली सगळ्यात सामान्य भानगड आहे, कारण भोकांमध्ये गंज लागू नये म्हणून भरलेलं तेल तसंच ठेवून वर स्क्रू आवळले जातात. भोकं आणि स्क्रू दोन्ही तेलमुक्त करा, निळ्या लॉकटाइटचा एक थेंब लावा. लाल लावू नका, पुढच्या वेळी तापवून काढावे लागतील. इंच-पाउंड दाखवणारा छोटा टॉर्क रेंच घ्या, तुमच्या ५०० मधली पहिली खरेदी तीच. रिंगांच्या टोप्यांना बहुतेक कंपन्या १५ ते १८ इंच-पाउंड सांगतात. बेसचा आकडा बेसच्या माहितीपत्रकातून घ्या, माझ्याकडून नको. नुसत्या मनगटाच्या अंदाजाने आवळणारे पैलवान दुर्बिणीची नळी चेपून ठेवतात आणि मग म्हणतात हिचे क्लिक बरोबर चालत नाहीत.

मग दस्ता. ॲक्सिसमध्ये रिकॉइल लग (धक्का दस्त्यावर उतरवणारा अडसर) रिसीव्हरला जोडलेला नसतो. तो सुटा तुकडा असतो, दस्त्यात बसतो आणि रिसीव्हरच्या खाचेत अडकतो. दस्ता काढून परत घालताना रायफल उभी धरा, दस्त्याचं बूड जमिनीवर, म्हणजे सगळं ॲक्शन (रिसीव्हर आणि बोल्ट) लगवर मागे टेकून बसेल. आधी पुढचा स्क्रू, मग मागचा. दोन्ही ठरलेल्या टॉर्कला. दर वेळी तोच आकडा.

शेवटी नळीखालून एक डॉलरची नोट सरकवा, रिसीव्हरपर्यंत न अडकता गेली पाहिजे. एकदा बायपॉड नसताना आणि एकदा बायपॉडवर नेहमीसारखा भार देऊन. दुसऱ्या वेळी अडकली तर दस्त्याचा पुढचा भाग वाकून नळीला टेकतोय. या किमतीच्या कोणत्याही इंजेक्शन मोल्ड दस्त्यात हे होऊ शकतं, त्यात नवल नाही.

सरासरी_माणूस
चणेकाकांच्या प्रत्येक शब्दाला +१. पण मला मूळ प्रश्नातल्या मोजमापाबद्दलच बोलायचं आहे.

तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून काहीही ठरवू नका. गोळ्या केंद्राभोवती सर्वसाधारण वितरणानं पडतात असं धरलं, तर ज्या रायफलीचे तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी १ इंच येतात, तिचेच पाच गोळ्यांचे सरासरी १.२७ इंच येतील आणि दहा गोळ्यांचे १.५८. रायफल तीच, माणूस तोच, काडतूस तेच. शिवाय तीन गोळ्यांचा ग्रुप भयंकर नाचतो. सरासरी १ इंच असताना एखादा अर्धा इंच आणि पुढचाच दीड इंच येणं अगदी नेहमीचं आहे. मग होतं काय, नवा चाप बसवला, पुढचा ग्रुप अर्धा इंच आला, लगेच आंतरजालावर फोटो: 'बघा चापाचा चमत्कार!' चमत्कार वगैरे काही नाही, नाणं दोनदा छापा पडलं.

एका काडतुसाचे निदान दहा, जमल्यास वीस शॉट्स एकाच नेमाच्या ठिपक्यावर मारा. दोन कागद वापरले तर एकावर एक ठेवून भोकं एकत्र मोजा. आणि सगळ्यात लांबच्या दोन भोकांतलं अंतर मोजण्याऐवजी केंद्रापासून प्रत्येक भोकाचं अंतर काढून त्याची सरासरी घ्या. पहिल्या पद्धतीत दहातल्या आठ गोळ्यांची माहिती तुम्ही फेकून देता.

हिलकंट्रीकर
@सरासरी_माणूस, म्हणजे सव्वा आणि तीन हाही नाण्याचाच खेळ?

सरासरी_माणूस
एवढा मोठा फरक वारंवार येत असेल तर नुसता खेळ नाही, चणेकाकांचा संशय रास्त आहे. पण सव्वाला तुमच्या रायफलीची 'खरी' क्षमता समजून बसू नका, एवढंच.

भटक्या_ध
माझा प्रश्न जरा बाजूचा. मी एच-१बीवर आहे, डॅलसला. मित्रांबरोबर रेंजवर गेलं तर चालतं का? स्वतःची घेता येते का?

हिलकंट्रीकर
चांगलं विचारलंत. इथे अनेकांना हे माहीतच नसतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. काही अपवाद आहेत, त्यातला नेहमी लागू पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. 'जवळ बाळगणं' यात रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही येऊ शकतं, त्यामुळे मित्राची आहे, माझी कुठे, हा युक्तिवाद करू नका. इमिग्रेशनचं प्रकरण आहे, वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही, मीही ते आल्यावरच घेतली.

पंचगंगेचा_नेम
आता काडतुसांबद्दल बोलतो, कारण 'जी स्वस्त असतील ती' हे वाचून कळवळलो.

आमच्या ५० मीटरच्या .२२ च्या खेळात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. गोळी ५.६ ची, आणि तिची कड वर्तुळाला शिवली तरी दहा. म्हणजे गोळीचा मध्य १६ मिलिमीटरच्या वर्तुळात पडला की पूर्णांकात दहा गुण. एवढ्या जागेत ६० शॉट्स टाकायचे असतील तर काडतुसाचा दर्जा सोडा, त्याचा लॉट बघावा लागतो. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं, एकाच किमतीचं काडतूस, पण वेगळ्या दिवशी बनलेला लॉट, आणि तुमच्या नळीला तो आवडतो किंवा आवडत नाही. म्हणून मोठे नेमबाज एली किंवा लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रात रायफल घेऊन जातात, ती शिकंज्यात आवळून लॉटमागून लॉट मारून बघतात आणि जो जमला तो वर्षभराचा उचलतात. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायच्या प्रकारात) जगज्जेती झाली. त्या पातळीवर खेळणाऱ्या कोणालाही विचारा, चापाच्या ब्रँडआधी ती लॉट नंबर सांगेल.

क्रीडमूरला एवढं नको. पण चार वेगवेगळी मॅच (स्पर्धेसाठी बनवलेली) काडतुसं आणा, प्रत्येकाची एक पेटी. तुमच्या नळीचे आटे बहुधा ८ इंचांत एक फेरा असे असतील, १४० ग्रेन वजनाच्या गोळ्या तिला पेलतात. एकाच सकाळी, दुर्बिणीची जुळणी न बदलता, आलटून पालटून मारा. चारांतलं एखादं बाकीच्यांपेक्षा उघड चांगलं निघतं. फरक दिसला नाही तर त्यातलं स्वस्त घ्या आणि खूश राहा.

हिलकंट्रीकर
पण मॅच काडतूस गोळीमागे दीड-दोन डॉलर! चार पेट्यांत दीडशे डॉलर धुरात.

लोखंडी_चणे
आणि न जमणाऱ्या काडतुसावर नवा दस्ता चढवला तर तीनशे डॉलर लाकडात. धूर परवडला.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या मोठ्या काकांकडे इशापूरच्या कारखान्याची .३१५ आहे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर. रानडुकरांनी तुरीचा पार सत्यानाश केला होता तेव्हा घेतली. तिच्यावर हे सगळं करता येईल का? चाप लयच जड आहे तिचा.

पंचगंगेचा_नेम
ठेचाभाऊ, थांबा. भारतात गोष्ट वेगळी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा बदल हे परवानाधारक कारागिराचंच काम, घरी बसून चापाशी खेळायचं नाही. काकांना सांगा, परवान्याचं पुस्तक घेऊन अधिकृत दुकानात जा. घरी करायचं ते साफसफाई आणि दस्त्याचे स्क्रू सैल नाहीत ना एवढं बघणं. बाकी ती रायफल जुन्या ली-एनफिल्ड धाटणीची. लष्करी .३०३ सामान्य माणसाला मिळू नये म्हणून इंग्रजांच्या काळात .३१५ पुढे आली, ती अजून शेतावर राखण करते आहे. तिच्याकडून शंभर मीटरवर एका इंचाची अपेक्षा कोणी करत नाही, आणि डुकरालाही त्याचं काही पडलेलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा
समजलं. काकांना फोटो काढून पाठवतो तुमचा प्रतिसाद.

हिलकंट्रीकर
मंडळी, प्रगतीचा अहवाल. दुर्बीण उतरवली. बेसचे दोन स्क्रू बोटांनी फिरले. होय, बोटांनी. सगळं पुसलं, निळं लावलं, टॉर्क रेंचनं आवळलं. नोटेची चाचणी: भार नसताना पार, बायपॉडवर भार दिला की डावीकडे अडकते. मग बायपॉड काढून पुढेही वाळूची पिशवी ठेवली आणि पंचगंगेचा_नेम यांनी सांगितलं तशी चार काडतुसं मारली, प्रत्येकी दहा. सगळ्यात वाईट दोन इंचांच्या थोडं पुढे. सगळ्यात चांगलं, १४० ग्रेनचं एक, दीड इंच. दहा गोळ्यांचा दीड इंच!

सरासरी_माणूस
अभिनंदन. जुन्या पद्धतीनं तीन-तीनचे मारले असते तर सरासरी इंचाच्या आत दिसले असते. आणि अजून रायफलीचा एकही नवा भाग विकत घेतलेला नाही.

टिक्कावाला
हे सगळं करण्यापेक्षा विका आणि टिक्का कंपनीची रायफल घ्या. बोल्ट लोण्यासारखा सरकतो, चाप पेटीतून काढल्यापासून चांगला, कटकट नाही. ॲक्सिसवर ५०० घालून तुमच्याकडे ५०० घातलेली ॲक्सिसच राहणार. विकताना त्या ५०० चे कोणी शंभरही देत नाही.

लोखंडी_चणे
पैशाचं गणित तुमचं बरोबर आहे, विकणाऱ्याला सुट्या भागांचे पैसे परत मिळत नाहीत. पण दहा गोळ्यांत दीड इंच देणारी रायफल आवडत असेल तर ती विकून दुप्पट किमतीची घ्यायला धागाकर्त्याला अजून कारण मिळालेलं नाही. आणि सगळ्यांना विकत आणलेलं सुख नको असतं, काहींना हात काळे करायचे असतात.

हिलकंट्रीकर
मी दुसऱ्या गटातला :) आता दस्त्याचं काय करू? लॅमिनेटच घेऊ की आहे त्यालाच घट्ट करू? आणि बेडिंग, बेडिंग सगळे म्हणतात ते नेमकं किती कामाचं?

लोखंडी_चणे
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचा भाग वाकणं हा एक रोग, ॲक्शन दस्त्यात नीट न बसणं हा दुसरा.

पहिल्यावर स्वस्त इलाज: दस्त्याच्या पुढच्या पोकळीत प्लॅस्टिकच्या फासळ्या असतात. त्यांना खाचा पाडून जुन्या कार्बन बाणाच्या दोन कांड्या दस्त्याच्या लांबीच्या दिशेनं बसवायच्या आणि वरून इपॉक्सी ओतायचं. प्लॅस्टिक आधी सॅंडपेपरनं खरवडा, नाहीतर इपॉक्सी पापुद्र्यासारखं निघून येतं. नळीच्या बाजूला थर चढू देऊ नका. वीस-तीस डॉलर आणि एक रविवार.

बेडिंग म्हणजे दाताची कवळी बसवताना ठसा घेतात तसं. ॲक्शन जिथे टेकतं तिथे मरीन-टेक्स किंवा डेव्हकॉनसारखं भरलेलं इपॉक्सी घालायचं, त्यात ॲक्शन दाबून ठेवायचं, सुकल्यावर तंतोतंत घर तयार. इपॉक्सी धातूला चिकटू नये म्हणून लावायचं मेण विसरलात तर रायफल आणि दस्ता यांचं लग्न लागतं, घटस्फोट छिन्नीनं. बुटाचं मेणाचं पॉलिश दोन हात चोळा, स्क्रूंच्या भोकांत आणि चापाच्या खाचेत मऊ माती भरा, नळीला पुढे टेपचे वेढे देऊन ती मध्यावर ठेवा. ॲक्सिसमध्ये मुख्य काम त्या सुट्या लगभोवती: त्याच्या मागच्या बाजूला घट्ट टेकण हवी, पुढे आणि खाली टेपनं थोडी फट सोडा.

पण खरं सांगू? मऊ प्लॅस्टिकवरचं बेडिंग हे मऊ पायावरचं बेडिंग. लॅमिनेट घेणारच असाल तर प्लॅस्टिकला फक्त ताठ करा आणि बेडिंग लॅमिनेटमध्ये करा. बॉइड्स या मॉडेलसाठी दस्ते बनवतात. बंदूक जड होईल, बाकावरून मारणाऱ्याला ते चांगलंच.

रानमोगरा
मी पेनसिल्व्हेनियात हरणाची शिकार करते, दरवर्षी. (हो काका, मराठी बाई. फ्रीझरमध्ये हरणाचं मटण असतं, काळ्या मसाल्यात छान लागतं.) यादीतल्या ब्रेकबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगते: तो नेम सुधारत नाही. धक्का कमी करतो, आणि क्रीडमूरचा धक्का आधीच माफक आहे. शेजारच्या बाकावरच्या माणसाचे कान मात्र बसतात. झाकलेल्या रेंजवर तर लोक उठून दुसरीकडे जातात. ते पैसे काडतुसांत घाला.

आणि चाप. हे पहिल्या तीनात हवं होतं. साडेसहा पाउंडांच्या रायफलीवर सहा पाउंडांचा चाप ओढताना रायफलच सरकते. वाळूच्या पिशवीवर ते थोडं लपतं, बायपॉडवर किंवा उभ्यानं नाही. कागदावर मारायचं असेल तर दोन ते अडीच पाउंड पुरे. शिकारीला मी तीनखाली जात नाही, थंडीत हातमोजे असतात.

हिलकंट्रीकर
माझ्या मॉडेलला ॲक्यूट्रिगर (सॅव्हेजचा हलका करता येणारा चाप) नाही, साधा जुना चाप आहे. आंतरजालावर लोक स्प्रिंग कापून हलका करतात.

रानमोगरा
कापू नका. कापलेल्या स्प्रिंगचं वागणं कोणी सांगू शकत नाही. तयार बदली चाप घ्या, सोबतच्या कागदाप्रमाणे बसवा, स्वतः जमत नसेल तर गनस्मिथला द्या, तासाभराचं काम.

बसवल्यावर काडतूस लांब, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं हे डोळ्यांनी आणि बोटांनी दोनदा बघून या चाचण्या करा. बोल्ट जोरात आपटून बंद करा, घोडा पडता कामा नये. सेफ्टी लावून चाप नेटानं ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. त्या क्षणी सुटली तर ती रायफल धोकादायक आहे. आणि चढवलेल्या अवस्थेत दस्त्याच्या बुडावर, बाजूंवर रबरी हातोडीनं ठोका. एकदाही सुटली तर चापाचं वजन वाढवा आणि पुन्हा पहिल्यापासून. हे मी सोडून कोणी सांगितलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

लोखंडी_चणे
कान धरले, मोगराताई.

निवांत_निळू
पॉपकॉर्न संपले. मला यातलं काही कळत नाही, पण माझ्या सायकलच्या सीटचा स्क्रू आत्ता जाऊन बघितला. सैल होता.

हिलकंट्रीकर
ठरलं तर: टॉर्क रेंच घेतलाच आहे. आता बदली चाप, दस्त्याच्या पुढच्या भागाला बाण आणि इपॉक्सी, आणि उरलेल्या सगळ्या पैशांची ती १४० ग्रेनची काडतुसं, एकाच लॉटची. ब्रेक रद्द. लॅमिनेट दिवाळी बोनसला.

नळीचा प्रश्न राहिला. मित्र अजून मागे लागला आहे.

लोखंडी_चणे
मित्राला सांगा, आहे ती नळी आधी झिजवून दाखव. सध्या फक्त दोन नियम: पातळ नळी आहे, तापली की ग्रुप सरकतो, म्हणून हात लावून चटका बसेल इतकी तापू देऊ नका. आणि साफ करताना सळई चेंबरकडून, बोअर गाइड (सळई मध्यावर ठेवणारी नळी) लावून घाला. तोंडाकडून घासून क्राउन (नळीच्या तोंडाची कड) बिघडवलेल्या नळ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

पुढे कधी बदललीत तर सॅव्हेजची एक सोय आहे, नळी मोठ्या नटनं आवळलेली असते. लेथ नसला तरी घरी बदलता येते. सिरीयल नंबर रिसीव्हरवर असतो, त्यामुळे केंद्रीय कायद्याच्या नजरेत नळी हा सुटा भाग. पण गो आणि नो-गो गेजशिवाय (चेंबरची लांबी तपासणारी मापं) हात लावू नका. गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गोवर होता कामा नये. तेवढं अंतर चुकलं तर काडतुसाचं पितळ फाटून वायू तोंडावर येतो. गेज, नटचा पाना आणि नळी धरायचा शिकंजा हे तिन्ही लागतं.

भटक्या_ध
शिकंजा ऑस्टिनजवळ कोणाकडे असेल का? मला वापरायचा नाही, हिलकंट्रीकरांसाठी विचारतोय.

टिक्कावाला
माझ्याकडे आहे, गेज तेवढे त्यांनी आणावेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.